ओलसर हवेत सात तास

चिरंजीव धाकटीस,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. (पन्नाशीला टेकलेल्या बाईला चिरंजीव म्हणावे का, असे तू मागच्या खेपेस विचारले होतेस. व्याकरण वय विचारत नाही.) तुझा गुडघा आता कसा आहे? मेव्हण्यांचा खोकला गेला, की अजून कुणी महत्त्वाचे बोलू लागले की येतो? आमच्याकडे सर्व क्षेम आहे. तुझी वहिनी दंतवैद्यांच्या दवाखान्यात रोज इतक्या लोकांना 'आ करा' सांगते, की घरी मी तोंड उघडले तर तिला ते जादा काम वाटते. माझे छापखान्यातले मुद्रितशोधन सत्ताविसाव्या वर्षीही चालू आहे, आणि छापणारेही चुका करायचे सोडत नाहीत, त्यामुळे पोटाची चिंता नाही. ही हकिकत फोनवरही सांगता आली असती. परंतु फोनवर तू मला पहिल्या वाक्याचे क्रियापद येईपर्यंत बोलू देत नाहीस, आणि आपल्या भाषेत ते शेवटी येते.

तर विषय तुझ्या लेकीचा, म्हणजे टाचणीचा. (हे नाव मीच ठेवलेले, त्याबद्दल तू अजून क्षमा केलेली नाहीस, पण बारीक, सरळ, आणि टोचल्याशिवाय सापडत नाही, अशा मुलीला दुसरे काय म्हणावे?) तुम्हा मायलेकींत काय करार झाला होता, तो तुला सांगायची गरज नाही, पण कागदावर असलेला बरा. शनिवारच्या प्रयोगात ती रंगमंचावर उभी राहिली तर तिने इथेच आमच्याकडे राहून नाटक करायचे. भूमिका हातची गेली तर पहिल्या तारखेला परत येऊन तुझ्या कचेरीत फायलींना दोरे बांधायचे. टाचणीने फायलींना भिऊन पाठांतर सुरू केले आणि सगळे सुरळीत चालले होते. नेमके तेच नडले. या नाटकात सुरळीत काहीच चालत नाही, केससुद्धा. पहिल्याच प्रवेशात साक्षीदार टाचणीच्या भूमिकेतल्या बाईला तिच्या कुरळ्या केसांवरून ओळखतो, आणि तुझ्या लेकीचे केस तर कमरेपर्यंत असे सरळ, की त्यांवर ओळ धरून मी मजकूर तपासावा. दिग्दर्शकांना मी नम्रपणे सुचवले, की साक्षीदाराला तिचे नाक ओळखू द्या. ते म्हणाले, नाटककार हयात नाहीत, वाक्य बदलता येणार नाही. (हयात असते तर बदलू दिले असते, हा त्यांचा विश्वास मला हृद्य वाटला. मी लेखकांबरोबर सत्तावीस वर्षे काढली आहेत.)

कुरळ्या केसांचा टोप आणला. तो डोक्यावर चढताच टाचणीला अकरा शिंका आल्या. तापलेल्या चिमट्याने केस वळवायचा प्रश्नच नव्हता, कारण दोन वर्षांपूर्वी त्याने तिचे वीतभर शेंडे करपवल्यापासून 'केसांना आच लागली तर माझ्याशी बोलू नकोस' ही तुझी शपथ तिच्या मानगुटीवर आहे. आणि विंगेत उभी होती ती पडद्याआडून संवाद पुरवणारी मुलगी: अख्खे नाटक तोंडपाठ, आणि केस जन्मजात कुरळे. दिग्दर्शक तिच्याकडे ज्या नजरेने पाहत, ती नजर मी फक्त छापखान्याच्या मालकांत पाहिली आहे, नवे यंत्र स्वस्तात मिळत असताना. त्यांनी निकाल दिला: शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत टाचणीचे केस कुरळे, नाही तर भूमिका त्या मुलीची.

इथे एक विषयांतर करू दे. संस्कृतात कुरळ्या केसाला कुटिल म्हणतात. तोच शब्द कपटी माणसालाही लागतो. आपल्या पूर्वजांनी केस आणि माणसे यांत फारसा फरक केला नाही, आणि शनिवारनंतर मीही करत नाही. (तू म्हणशील, दादाच्या डोक्यावर या विषयाचा पुरावाच शिल्लक नाही, त्याने बोलू नये. पण टकलाइतका तटस्थ अभ्यासक तुला कुठे मिळेल?)

खालच्या मजल्यावर एक पार्लरवाली राहते. ती कामावर निघाली असता टाचणीने तिला जिन्यातच गाठले. बिचारीने एका लिफाफ्याच्या पाठीवर उपाय लिहून दिला. तो अक्षरशः असा: 'केस जरा ओलसर हवेत मोज्यांवर गुंडाळून सात तास ठेवा गरम काही नको'. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. माझ्या हाती असा मजकूर येणे म्हणजे मांजरापुढे दूध. तुझी वहिनी दवाखान्यात जायला निघाली होती, ती दारातून म्हणाली, "अहो, लिहिलंय तेवढं करा, त्यावर अभ्यास नको." आणि गेली. मी अभ्यास केला.

'हवेत' हे काय आहे? सामान्य माणूस पटकन म्हणेल, क्रियापद. पण घाईने केलेला अन्वय बहुधा चुकतो. 'हवा' हे नाम घे, त्याची सप्तमी कर: हवेत. कुठे? हवेत. कशा हवेत? जरा ओलसर हवेत. म्हणजे केस मोज्यांवर गुंडाळून सात तास ओलसर हवेत ठेवायचे. वाक्यातला एकही शब्द हलवावा लागत नाही, की चिन्ह घालावे लागत नाही. याहून निर्मळ अन्वय मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. टाचणीने एकदा तोंड उघडले, "मामा, अरे, केस आधी ओले करायचे असतील..." पण मी तिला विभक्त्या समजावल्या आणि ती गप्प बसली. इतकी लगेच, की मला थोडे आश्चर्य वाटले.

मग नऊच्या ठोक्याला प्रयोग सुरू झाला. (आमचा, नाटकाचा नव्हे.) माझे लांब लोकरी मोजे आठ निघाले. कोरड्या केसांच्या आठ बटा करून प्रत्येक बट एकेका मोज्यावर मुळापर्यंत गुंडाळायची आणि मोज्याची दोन टोके डोक्यावर गाठीत बांधायची. हे लिहायला एक ओळ लागते, करायला तीन हात लागतात. चौथ्या मोज्यानंतर टाचणी लोकरीच्या दुकानासारखी दिसू लागली आणि आठव्यानंतर त्या दुकानात चोरी झाल्यासारखी. मग न्हाणीघरात ओलसर हवा तयार केली: झरोका लावला, पलंगावरच्या दोन चादरी गार पाण्यात बुडवून दोरीवर टाकल्या (गरम काही नको, हे आपण पाळले), दोन बादल्या भरून ठेवल्या, आणि मधोमध स्टुलावर तुझी लेक, हातात नाटकाची वही. दार ओढून मी बाहेर खुर्ची टाकून बसलो. ती आतून मोठ्याने संवाद घोकू लागली. न्हाणीघरात आवाज घुमतो, त्यामुळे ऐकायला बरे वाटत होते.

दोन वाजता जिन्यात जड पावले वाजली आणि दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार. (ते त्याच वेळी कसे उगवले, देव जाणे.) दुर्दैवाने टाचणी त्या क्षणी दुसऱ्या अंकात होती, जिथे त्या बाईला एक माणूस खोलीत कोंडतो.

"आत कोण आहे?" फौजदार.

"भाची."

"ती ओरडतेय, हा माणूस माझा कोणी लागत नाही."

"ते नाटकातलं आहे, साहेब."

"सगळे हेच सांगतात," फौजदार म्हणाले, आणि त्याच वेळी न्हाणीघरातून पुढचे वाक्य आले, "त्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नका हो!"

धाकटे, त्या नाटककाराच्या हयात नसण्याचे मला प्रथमच समाधान वाटले. फौजदारांनी मला बाजूला केले आणि दार ढकलले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ पाहिले असेल. पण ओल्या चादरींच्या मध्ये, डोक्यावर आठ मोजे बांधून, हातवारे करणारी मुलगी पाहिल्यावर त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मी लिफाफा पुढे केला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, जसा जबाब वाचतात तसा, आणि खिशातले पेन काढून 'हवेत'च्या पुढे एक ठसठशीत पूर्णविराम दिला. "अहो पंडित," ते म्हणाले, "हवेत म्हणजे पाहिजेत. केस ओलसर पाहिजेत. हिचे कोरडेच गुंडाळलेत की काय?" एका पोलिसाने माझा मजकूर तपासला, हा प्रसंग माझ्या आयुष्यात यायचा होता, तो आला.

पाच तास उरले होते. मी मोजे सोडून सगळे पहिल्यापासून करायला निघालो, तर टाचणीने डोके दोन्ही हातांनी धरले आणि हात लावू देईना. म्हणाली, वरूनच फवार. मग फौजदारांनी त्यांच्या कुंड्यांचा फवारा आणला आणि ते तिच्या डोक्यावर असे पाणी मारू लागले, जसे जमाव पांगवताहेत. त्यानंतर तिला खिडकीशी पंख्याखाली बसवले. साडेपाचला डोक्याला रुमाल गुंडाळून आम्ही तिघे निघालो. रस्त्यात एका बाईने मला हळूच विचारले, मुलीला फार लागलंय का. मी म्हटले, सातला कळेल.

रंगपटात वीस मिनिटे उरली असता मोजे सोडायची वेळ आली. तुझी वहिनी दवाखान्यातून परस्पर तिथे पोचली होती. (सगळे ऐकून "माझ्या चादरी कुठायत, ते घरी बघते," एवढेच म्हणाली.) त्या कुरळ्या मुलीने स्वतः पुढे होऊन गाठी सोडल्या आणि एकेक बट बोटावर फिरवून मोकळी केली, रोज स्वतःचे हेच करते म्हणाली. भूमिका तिला मिळायची असून तिने हे केले, हे लिहून ठेवतो. आणि काय सांगू! आठच्या आठ बटा वळणावळणाच्या होऊन खांद्यावर उतरल्या. दिग्दर्शकांनी केस पाहिले, मला पाहिले, आणि "घंटा द्या" म्हणाले. साक्षीदाराने तिला केसांवरून ओळखले. तिसऱ्या अंकानंतर पडदा पडण्याआधीच फौजदार टाळ्या वाजवत उठले आणि मागच्यांनी त्यांना खाली बसवले. भूमिका तिचीच राहिली, पुढच्या सगळ्या प्रयोगांना. तेव्हा करार तू हरलीस. कोरड्या केसांना केवळ ओलसर हवेने वळण लागले, म्हणजे सप्तमीही अगदीच चुकली नव्हती, असे माझे मत आहे. फौजदार त्याचे श्रेय फवाऱ्याला देतात.

मेव्हण्यांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
दादा

ता. क. केसांना आच लागलेली नाही. तुझी शपथ शाबूत आहे.

ता. क. दुसरा. आता खरे लिहितो. मागच्या पत्रात तू वेगळी चिठी घातली होतीस: 'दादा, काहीही कर, पण तिला माझ्याकडे परत पाठव.' सत्तावीस वर्षे मुद्रिते तपासणाऱ्याला 'हवेत' कळत नाही, असे तुला वाटले का? ती सप्तमी मी तुझ्यासाठी काढली होती. कोरडे केस, दमट खोली, संध्याकाळी दोऱ्यासारखे सरळ, आणि दोष माझ्या विद्वत्तेचा. पण बाहेर खुर्चीवर बसून ऐकत होतो. तिसऱ्या अंकातले तिचे एकटीचे बोलणे तिने चार वेळा म्हटले. चौथ्या वेळी माझ्या ध्यानात आले, की मी चूक शोधायची विसरलो आहे. हे मला कोणत्याही मजकुरापुढे आजवर झाले नव्हते. पण कबूल कसे करायचे? चूक दुसऱ्या कुणी काढावी, म्हणून वर जाऊन फौजदारांना विचारले, "आमच्याकडून कसला आवाज येतोय का हो?" आणि खाली येऊन बसलो. मला क्षमा कर. आणि हे पत्र वाचून फाडून टाक; मी त्या दिवशी कुणाच्या बाजूने होतो, हे पोरीला कळता कामा नये. माझी विनंती एवढीच.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात. आई, मामाने पत्र डिंकाने डकवून टपालात टाकायला मला दिलं, पण डिंक अजून ओलाच होता. मी वाचलं. तुझी चिठी त्याच्या शब्दकोशात खूण म्हणून ठेवलेली असते, ती तर आली त्याच आठवड्यात मी पाहिली होती. म्हणून तो विभक्त्या सांगायला लागला तेव्हा मी भांडले नाही. त्याने दार ओढलं, मी झरोका उघडला, चादरी पिळून परत दोरीवर टाकल्या, मोजे सोडले, नळाखाली हात धरून केस ओलसर केले आणि पुन्हा गुंडाळले. साडेदहाला सगळं झालं होतं. मामाला यातलं काही बोलू नकोस. आपण मला बुडवायला निघालो होतो आणि आपणच वाचवलं, असं त्याला वाटतंय, आणि तो दोन दिवस माझ्याशी फार प्रेमाने वागतोय.

रविवारचा प्रयोग दुपारी चारला आहे. दुसऱ्या रांगेतली पाचवी खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवलीय. मामीजवळ बसशील, पाय लांब करता येईल. तू रागावली आहेस हे मला माहीत आहे. करार मी जिंकलेय, आई. तरी ये.