रेघ चढवायला कुणीतरी हवं

अक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. (पाठ धरलीय, म्हणून साष्टांग मनातल्या मनात घातला. तो मोजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस, की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस? भावोजींना माझा नमस्कार सांग, ऐकू गेला नाही तर पुन्हा सांग. इकडे आम्ही ठीक. म्हणजे खरंच ठीक, पत्रात लिहायचं म्हणून नाही.

ह्यांना झटका आला तेव्हा तू येऊन गेलीस, पुढचं तुला ठाऊक नाही. तोंड सरळ झालं, बोलणं आलं (तेही पहिल्यासारखंच, सुधारणा काही नाही), उजव्या हाताची पकड तेवढी ढिली आहे. पण खरी पंचाईत निराळीच. रक्तदाबाची गोळी घेतली की उभं राहिल्यावर घेरी, आणि नाही घेतली तर पुन्हा झटक्याची भीती. घेरी येणाऱ्या प्लंबरला कामावर कोण बोलावणार? म्हणजे गोळीचं माप जमेपर्यंत माणूस घरात, आणि हा माणूस घरात म्हणजे माझ्या डोक्यावर.

तर इथल्या मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. वयाने लहान, केस कसेतरी बांधलेले, चहा मागवतात आणि गार करून पितात. त्यांचं म्हणणं, सगळ्यांचा दाब एकाच आकड्यावर आणून बसवायचा हेच चुकतं. ज्याच्या त्याच्या मेंदूला मानवणारा दाब वेगळा, आणि तो गणित मांडून काढता येतो. त्याचंच त्या संशोधन करतात. मी म्हटलं, माणसाचं गणित कुणाला सुटलंय? पण हे एकदम खूश. म्हणाले, बरोबर आहे बाई, पंप सारखा असला तरी प्रत्येक इमारतीचे पाइप वेगळे. जोर जास्त झाला तर जुना पाइप फुटतो, कमी झाला तर वरच्या मजल्याला पाणी नाही. बाईंनी मान डोलावली, झालं. तेव्हापासून हे स्वतःला अर्धा डॉक्टर समजतात आणि शेजारच्या खाटांवरच्या पेशंटांना सल्ला देतात.

गणिताला आकडे लागतात. म्हणून ह्यांना आडवं करून बोटाला एक पट्टा बांधतात, तो ठोक्याठोक्याचा दाब सांगतो. कानशिलावर बटणासारखं काहीतरी टेकवतात, ते आत मेंदूत रक्त कसं धावतंय ते ऐकतं. दोन्हींच्या दोन रेघा पडद्यावर पळत असतात, वर दाबाची, खाली मेंदूची. पडद्यासमोर एक गणितवाला बसतो. हडकुळा, मुखदुर्बळ, माणसाकडे बघायचं त्याला कुणी शिकवलेलंच नाही. दाब जरा वरखाली झाला तरच त्याचं गणित पुढे सरकतं म्हणे. म्हणून ह्यांना उठवून बसवलं, चेंडू दाबायला लावला. हे आपले सुस्त. कामचुकारपणा तो, यंत्रालाही दाद देईना.

मी बाहेर बाकावर. निघताना मोरीतला नळ धो धो गळायला लागला होता (गावच्या लोकांचे नळ ह्यांनी बंद केले, आमचा लग्नापासून गळतोय), आणि मेन कॉक कुठे आहे ते विचारायचं राहून गेलं होतं. म्हणून आत जाऊन विचारलं. मी कसं विचारते ते तुला माहीत आहे. तर वरची रेघ अशी सरसर चढली की गणितवाला खुर्चीतून अर्धा उठला. मला वाटलं, गेला माझा नवरा. आणि तो मेला माझ्याकडे पहिल्यांदाच बघून म्हणतो कसा, "काकू, पुन्हा बोला."

मग काय. बाईंनी दाबाची एक हद्द ठरवली. रेघ तिथे पोचली की त्या हात वर करणार आणि मी थांबायचं. (मला नुसत्या हाताने थांबवणारी जगातली पहिली बाई.) मी नळावर बोलले, मोडक्या शिडीवर बोलले, अंगणात पडलेल्या गंजक्या पाइपांवर बोलले. मी आत आले की रेघ चढे, बाहेर गेले की उतरे. आणि गंमत ऐक. वरची रेघ कितीही चढो, खालची मेंदूची रेघ ढिम्म. बाई म्हणाल्या, हे फार चांगलं लक्षण आहे. बाहेरून कितीही जोर आला तरी ह्यांचा मेंदू आपल्या नळ्या आवळून घेतो, आत त्रास पोचू देत नाही. मी म्हटलं, बाई, हे मी तुम्हाला यंत्राशिवाय सांगितलं असतं.

गोळीचं नवं माप निघालं. घेरी थांबली. आता त्या मापावर हेच सगळं पुन्हा एकदा मोजायचं, खालची रेघ सरळ राहिली की हे कामावर जायला मोकळे. त्यासाठी परवा गेलो. मी कंबर कसून आत शिरले, तोंड उघडलं, आणि निघालं काय, तर "पाय गार नाही ना पडले?" रेघ आडवी. पुन्हा तोंड उघडलं, तर काहीच नाही. अक्का, ती रेघ एकदा चढताना बघितली ना, आता शब्द जिभेवर आला की मला रेघच दिसते. हे तिथून मलाच शिकवायला लागले. "अगं बोल की, नळ गळतोय." मी म्हटलं, "गळू दे." "शिडी तुझ्यामुळेच मोडली म्हणेन मी." "मोडली असेल." वीज गेल्यावर पंख्याकडे बघावं तसं गणितवाल्याने माझ्याकडे बघितलं. बाई समजूतदार. म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात बघू.

असो. ह्यांची झोप बरी आहे. काल पाना उचलून दाखवला, तो पडला माझ्या पायावर. मी काही बोलले नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्राचं कारण लिहायचं राहिलंच. पुढच्या तपासणीला तू ये. ह्यांनी तुझ्या स्वयंपाकघरात नळ बसवला आणि पाणी भिंतीतून आलं, तेव्हापासून तू माझ्याकडे बघून गप्प आहेस. मला कळत नाही का? सगळं साठलेलं घेऊन ये. डॉक्टरांची परवानगी आहे. फक्त बाईंनी हात वर केला की थांबायचं, तिथे मोठेपणा दाखवायचा नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं, आणि तेवढ्यात बाईंनी मध्येच बोलावलं म्हणून जाऊन आलो. पट्टा बांधल्यावर मी नुसतं म्हटलं, अक्काला बोलावतेय. वरची रेघ तडक हद्दीला जाऊन टेकली, खालची सरळच्या सरळ. गणित सुटलं. सोमवारपासून हे कामावर, सध्या शिडीखाली उभं राहून हाताखालच्या माणसाला हुकूम सोडणार. बाईंनी तुझे आभार मानलेत. तेव्हा आता तुझी काही गरज नाही. तरी ये. ह्यांच्यावर ओरडवत नाही, आणि कुणावर तरी ओरडल्याशिवाय मला अन्न पचत नाही.