ओ वेगळा, उ वेगळा

लीड्स, सोमवार, १६ मार्च १९९८

गिरीश,

गुरुवार, बारा मार्च, सकाळी साडेदहा. क्रॉयडनच्या मीटिंगमध्ये तू उभा राहिलास आणि बाबांच्या नावावर खोटं खपवलंस. तक्रारीच्या पत्रात आधी तारीख आणि वेळ लिहावी, हे मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं. आशीर्वाद शेवटी ठेवायचे, हे माझं मी ठरवलं आहे.

मी बरी आहे. बॉयलर पुन्हा बिघडला. बाबांना वॉर्डमधून हलवून वेगळी खोली दिली आहे. मी मागितली नव्हती.

शशिधर, बाबांचा जुना विद्यार्थी, त्या मीटिंगला होता. त्याचा फोन आला. "काकू, सरांनी मत कधी बदललं?" मला काही कळेना. मग त्याने सांगितलं. मंगोल लिपीतल्या ओ आणि उ या अक्षरांना कॉम्प्युटरमध्ये मिळून एकच कोड पुरे, असं प्रोफेसर पद्माकर दाबके यांचं म्हणणं आहे, असं तू लिप्यांचे कोड ठरवणाऱ्या त्या कमिटीला सांगितलंस.

बाबांनी जन्मभर याच्या उलट सांगितलं. दोन्हींचा आकार एक, तरी ओ वेगळा, उ वेगळा. माणूस शब्द ओळखून वाचतो, मशीनला कोणीतरी सांगावं लागतं. जेवणाच्या टेबलावर तू हे इतक्यांदा ऐकलंस की कान किटले म्हणून ताट घेऊन टीव्हीसमोर जायचास.

मी तुला फोन केला तर म्हणालास, "आई, दिसतो सेम तर कोड सेम. मराठीत नाही का, चहाचा च आणि चमचाचा च? एकच लेटर!"

हो रे राजा. आणि म्हणूनच तू अजून चमचा मागतोस तो चहातल्या च ने.

मग म्हणालास, "माझा चूक नाही. मी संडेला हॉस्पिटलमध्ये बाबांना विचारला, एक कोड की दोन? ते क्लिअरली म्हणाले, एक. पुन्हा पुन्हा म्हणाले."

खाटेच्या दुसऱ्या बाजूला मी होते, गिरीश. स्ट्रोकने त्यांचं तोंड वाकडं झालं असेल, माझे कान शाबूत आहेत. ते "एक" म्हणाले नाहीत. "ऐक" म्हणाले.

लग्न झाल्यापासून त्यांचं प्रत्येक वाक्य याच शब्दाने सुरू होतं. ऐक, छत्री घे. ऐक, दूध संपलंय. तू पाळण्यात होतास तेव्हाही, ऐक, हा हसला. मीटिंगच्या आधीच्या त्या रविवारी त्यांना पुढचं वाक्य जुळवता येत नव्हतं, इतकंच. तू थांबला नाहीस. "थँक्स, बाबा," म्हणून कोट चढवलास, कारण ट्रेन होती. तू गेल्यावरही ते दाराकडे बघून तेच म्हणत राहिले.

आता काय करायचं ते लिहिते. प्रोफेसर दाबके यांचं मत दोन कोडांचं आहे, असं कमिटीला कळव. तुझं एकाचं असेल तर ते तुझ्या नावावर मांड. त्या पत्राची प्रत मला पाठव, आणि सोबत बाबांना मराठीत दोन ओळी, स्वतःच्या हाताने. व्याकरण चुकलं तरी चालेल, वाचताना मी सुधारून घेईन.

कमिटीची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. माझी शुक्रवार, वीस मार्च, दुपारी बारा. इतकी घाई कशाला, असं विचारशील. त्यांना ऐकलेलं अजून समजतं. मी पेपर वाचून दाखवला की बोट हलवतात. डॉक्टरबाई शुक्रवारच्या पुढचं काही बोलत नाहीत. मी सरळ विचारलं, तर त्यांनी मला चहा आणून दिला. इथे चहा कधी आणून देतात ते तुलाही ठाऊक आहे.

ये, असं मी लिहीत नाही. गाड्यांचं टाइमटेबल तुला पाठ आहे. लेखी उत्तर मात्र शुक्रवारी बाराच्या आत माझ्या हातात हवं. तोवर आलं तर आशीर्वाद दोघांचे.

काल संध्याकाळपासून त्यांचा तो शब्दही बंद झाला आहे. म्हणून त्यांच्या वतीने मी लिहिते.

ऐक.

आई