माळ्यावरचा गारवा

९ मे

एसी चालू आहे, घरघरतोय, वीज खातोय — आणि हवा नाही! छतातल्या जाळीखाली हात धरला तर कोणी लांबून फुंकर घालतंय असं वाटतं, बस्स.

मोटरहोम म्हणायला ऐट आहे. उन्हात आला की नुसता पत्र्याचा डबा. यांचं काम पुलांच्या तपासणीचं, आज एक नदी, उद्या दुसरी, म्हणून घरच चाकांवर. पुढे सासूबाईंचा बाक, मध्ये ओटा, मागे आमचा पलंग. आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा. तो टिकलीचा. लेक गेली तेव्हा त्याचं सरकतं दार ओढून घेतलं, ते अजून कोणी उघडलेलं नाही.

१० मे

सासूबाईंना चक्कर आली. ओट्यापाशी उभ्या होत्या, हातातलं भांडं सुटलं आणि त्या माझ्या अंगावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उन्हाचा तडाखा आहे. या वयात परत झालं तर निभावणार नाही. गार जागेत ठेवा."

वन्संचा फोन आलाच. "पत्र्यात उकडून मारताय का माझ्या आईला? पुढच्या रविवारी येतेय मी. एसी नीट झालेला नसला तर सरळ घेऊन जाईन!" बोलणं बरोबरच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "मला इथून हलवू नका गं," म्हणाल्या. मला वाटलं, माझ्यावरची माया! फुशारलेच जरा.

११ मे

फिल्टर काढून धुतला. हे छतावर चढले, झाकण उघडलं, आतली धूळ ब्रशनं झाडली. पत्र्यानं तळवे भाजले, मग खाली येऊन माझ्यावरच डाफरले. वीज कमी येत असेल म्हणून वायर दुसऱ्या खांबाला लावली. फरक शून्य.

आणखी एक. सकाळी मी छतातल्या सगळ्या जाळ्या फिरवून उघडल्या होत्या. बाजारातून आले तर बंद! यांना विचारलं. "गाडीच्या हादऱ्यानं फिरत असतील."

"उभ्या गाडीला कसला हादरा?"

वायर नीट करायला बाहेर निघून गेले.

१२ मे

परत बंद. परत उघडल्या आणि मोठ्यानं ओरडले, "आता हात लावाल तर याद राखा!" कोणाला ओरडले, देव जाणे. सासूबाई डोळे मिटून होत्या, हे पुलावर.

टिकलीलाच असं ओरडायचे मी. बाकावर चढून, टाचा उंचावून जाळ्या फिरवायची आणि सगळी हवा आपल्या माळ्यावर न्यायची. गार झोत तोंडावर हवा आणि पायांत मात्र लोकरीचे मोजे — असलं तिचं त्रांगडं! आजीनं विणून विणून ढीग केला होता मोज्यांचा.

१३ मे

आज जाळ्या उघड्याच राहिल्या. तरी हवा नाही. कालपेक्षा कमी!

दुपारी भाजी चिरत होते. माळ्यावर खसखस झाली. झोपेत कोणी चादर ओढून घ्यावी तशी. सुरी खाली ठेवली, कान देऊन उभी राहिले. पुन्हा झाली. सरकत्या दाराच्या फटीशी हात नेला — गार! इथे मानेवरून घाम गळतोय आणि त्या फटीतून बोटं बधिर करणारी हवा.

दार उघडलं नाही. धीरच झाला नाही. नुसती हाक मारली, "टिकले?"

"काय म्हणालीस?" बाकावरून सासूबाई.

"काही नाही आई. मांजर असेल."

"माळ्यावर मांजर?"

"असेल हो!"

हॉस्पिटलात शेवटी शेवटी तापात पोरीचा एकच धोशा होता. आई, मला माळ्यावर ने ना, तिथे गार आहे. नाही नेता आलं. तिथून निघताच आलं नाही आम्हाला.

ती आली असेल का? गार म्हणून?

१४ मे

यांना सांगून टाकलं. माळ्यावर कोणीतरी आहे म्हटलं. वाटलं, हसतील, मला वेड्यात काढतील. हसले नाहीत.

"मलाही ऐकू येतं. तू घाबरशील म्हणून बोललो नाही," म्हणाले.

चहा निवून गेला. दोघंही त्या दाराकडे बघत बसलो. उघडूया, असं ना ते म्हणाले ना मी. मला भीती वाटतेय. उघडल्यावर आत कोणी नसेल, याची जास्त वाटतेय.

१५ मे

वन्सं — "बॅग भरून ठेवा." सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. ओठ कोरडे पडलेत. ओला रुमाल कपाळावर ठेवला की दोन मिनिटांत सुकतो.

१६ मे

शेवटी एसीवाला मिळाला. शिट्टी वाजवत आला, छतावर चढला, उतरला. "ताई, मशीन ठणठणीत आहे! गारवा होतोय भरपूर, तो खाली पोचत नाहीये. वाटेत काहीतरी तुंबलंय. जिथे वाट मोकळी, तिथे सगळा चाललाय." मग मान वर करून, "त्या दारामागे काय आहे?"

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे.

त्यानं ओट्यावरची जाळी पेचकसानं काढली, आत हात घातला आणि एक मोजा ओढून काढला. लोकरीचा, निळा, घट्ट गुंडाळलेला. मग दुसरा. सासूबाईंच्या डोक्यावरच्या जाळीतून लाल जोडी. आमच्या पलंगावरच्या जाळीतून पिवळी. "उंदीर लई हौशी दिसतो तुमचा!" म्हणाला आणि आमची तोंडं बघून पेचकस पुसायला लागला.

अडवायच्या आत त्यानं माळ्याचं दारही सरकवलं. गार हवेचा लोट आला अंगावर. गादी, उशी, आणि जाळीच्या झोतानं फडफडणारं चादरीचं टोक. खसखस त्याची होती. मला हायसं वाटायला हवं होतं. मी रडले.

तो गेला. खाली छान गार झालं. मोजे मांडीवर घेऊन यांना विचारलं, "तुम्ही?"

"मला वाटलं, तू."

"मी." मागून सासूबाई. उठून बसल्या होत्या. "जाळ्या बंद केल्या की तू उघडायचीस. मग काय करू? पोरीला उकाडा सोसत नाही. माझं काय, मला चालतं."

"आई, चक्कर येत असताना बाकावर चढत होतात तुम्ही?"

"हळूच चढायचे गं."

"आणि काही झालं असतं म्हणजे?"

त्यांनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "तिकडे नेलंत मला, तर हिचं कोण बघणार?"

खूप रागवायचं होतं. इतके दिवस जीव टांगणीला लावला म्हातारीनं! रागावताच येईना. हे तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

१७ मे, रविवार

वन्सं तणतणत आल्या, गारव्यात बसल्या, सरबत प्यायल्या. आईच्या हातापायांना हात लावून पाहिला. बोट ठेवायला जागाच नव्हती! जाताना मात्र माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

आई राहिल्या. यापुढे बाकावर चढायचं नाही अशी शपथ घातलीय त्यांना, आणि त्यांच्या डोक्यावरची जाळी मी येताजाता तपासते. दुपारी पोटभर जेवल्या. मग हळूच विचारलं, "वर थोडी तरी जाते ना गं?"

"जाते, आई."

खोटं नाही. पण पूर्वीसारखी जात नाही. पुन्हा ओढून घेतलेल्या दाराच्या फटीशी हात धरून पाहिला.

मोजे धुऊन जोड्या लावल्या. पिवळ्यातला एक सापडत नाहीये. एसीवाल्याच्या पेटीत गेला असेल.

१८ मे

पलंगावर फार उकडतंय. यांचा शर्ट पाठीला चिकटलाय, तरी म्हणतात, "छान गार आहे की."

हे पुलावर गेल्यावर आमच्या पलंगावरची जाळी काढली. फक्त आमचीच. उरलेला पिवळा मोजा गुंडाळून आत सारायला हात घातला. त्याचा जोडीदार तिथे आधीच होता.