आंबवणाची बरणी

११ ऑक्टोबर, शुक्रवार. रोम

पाय सुजलेत. काल जर्मनीत, मानहाइमच्या गोदामात खोकी उचलली आणि तसाच बसमध्ये बसलो. आई खालून, दक्षिणेतल्या गावाहून आली, कालाब्रियाच्या गाडीने. फोन तिनेच केला होता – रोम बघू, दोघांनाही निम्म्या वाटेवर पडतं. जिने शेजारचं गाव धड पाहिलं नाही तिला रोम बघायचंय!

कशाला आलीय ते कळतंय. पप्पा गेल्यापासून पावाची भट्टी एकटी ओढतेय. मला परत बोलावणार. सहावीतून काढून मला त्या भट्टीपुढे उभं केलं होतं, मोठ्या मुश्किलीने सुटलोय. नाही म्हणायचं. बसमध्ये वाक्य पाठ केलंय.

तिच्या पिशवीत कपडे कमी, बरणी मोठी. आंबवलेली कणीक, पाव फुगवायचं विरजण, आजोबांच्याही आधीपासूनचं. रोज थोडी काढून टाकायची, ताजं पीठ-पाणी घालायचं, नाहीतर मरते. शेजारच्या नुंत्सियामावशीकडे का नाही ठेवलीस, विचारलं. म्हणाली, ती नवऱ्याला वेळेवर जेवायला घालत नाही, हिला काय घालणार.

१२ ऑक्टोबर, शनिवार

कोलोसिअम बाहेरूनच. पडक्या घराला तिकीट कसलं, म्हणे. पुढे ते खांब, त्या कमानी. "इतकी वर्षं झाली, अजून कुणी आवरलं नाही?" मागचा माणूस हसला. मला हसायचंही त्राण नव्हतं.

मग चर्च. एकातून निघालं की दुसरं. आत गेली की बसते. एका चर्चमध्ये मेणबत्ती लावली. कोणासाठी, विचारलं तर म्हणाली गुडघ्यांसाठी.

दुपारी खाणावळीत वाढणाऱ्या पोराने पाव टेबलावर पालथा ठेवला. आईने उचलून सुलटा केला; पालथा पाव म्हणजे आमच्याकडे अपशकुन. तो म्हणाला, आजी, पळून नाही जात तो. आई म्हणाली, "पाव पालथा ठेवायला आईने शिकवलं का तुला? घरी जाऊन विचार तिला." पोरगा लाजला आणि तिच्या शेवयांवर चीज जास्त घालून आणलं. शेवया मात्र आवडल्या तिला. पावाचा एक तुकडा चावून ठेवून दिला. "घाईत भाजलाय."

दिवसभर वाट बघितली. परत येतोस का, तिने विचारलं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी बरणीला पीठ घातलं तिने. मला म्हणाली, बघ, एवढंच, जास्त नको. मी हो हो केलं.

प्रार्थना झाल्यावर ट्रामने वेशीपाशी गेलो. तिथे एका पाववाल्याची कबर आहे, रोमन काळातली. दगडात गोल गोल भोकं, वर कोरलेली माणसं – कणीक मळताहेत, भट्टीत पाव सारताहेत. ट्रामा खडखडत होत्या. आई कुंपणाला धरून उभी राहिली. रोममध्ये एवढा वेळ ती कशापुढेच उभी राहिली नव्हती.

"मळणारा तो बघ," म्हणाली. "पाठ तुझ्या बापासारखी."

मग विचारलं, ह्याच्या मुलाचं नाव कुठंय? म्हटलं आता आलं! पाठ केलेलं वाक्य जिभेवर आणलं. मी म्हणालो, दिसत नाही कुठे.

"बरंय. सुटला असेल."

आणि चल म्हणाली, भूक लागलीय.

तिला रस्ता ओलांडताना बघितलं. एवढी वाकलीय कधी? तेव्हा तिने विचारलं असतं तर येतो म्हणालो असतो. खरंच. नाही विचारलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आधी तिची गाडी. डब्याच्या दारात उभी राहून विचारते, तिकडे पीठ कसलं मिळतं? म्हटलं, कारखान्याचं, पांढरंफटक. "चालेल," म्हणाली. काय चालेल ते मी विचारलंच नाही. झोप येत होती.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. मानहाइम

माझ्या बॅगेत तळाला, स्वेटरमध्ये गुंडाळलेली बरणी.

फोन केला. भट्टी ऑगस्टमध्येच विकली म्हणे. नुंत्सियामावशीचा पुतण्या तिथे मोटरसायकली दुरुस्त करतो. मग मला बोलावलंस कशाला? म्हणाली, "मला आता नाही उचलवत, सावेरिओ. नको असेल तर टाकून दे. फक्त मला सांगू नकोस."

खालच्या दुकानातून पीठ आणलं. एवढंच, जास्त नको. कामाला उशीर झाला.