गेलेले एकवीस, परतलेले वीस

आदरणीय दादांना नमस्कार.

गुडघा आता जिना चढू देत असेल आणि वहिनींचा खोकला थांबला असेल, असे धरून चालतो. माझे ठीक आहे. (या आठवड्यात दूध दोनदाच उतू गेले.)

हिला जाऊन दोन महिने झाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसलो तो परवा, आणि तेही चौकशी अधिकाऱ्यांसमोर, म्हणून लिहायला बसलो. तुमची बहीण विद्यापीठाच्या हिशेब विभागात मुख्य होती, आणि तिथली साधी टाचणीही तिने कधी घरी येऊ दिली नाही. (माझा पेन चुकून तिच्या पर्समधून ऑफिसात गेला, तेव्हा तो परत आणायला तिने गेटपास करून घेतला होता.) हाताखालचे तिघे कारकून तिला टरकून असत. त्याच तिघांनी हिच्या अंत्ययात्रेचा सगळा खर्च विद्यापीठाच्या माथी मारला. मला विचारायला त्यांची जीभ रेटली नाही, महिनाअखेर म्हणून त्यांच्या खिशात काही नव्हते, आणि बाईंना साधेसुधे न्यायचे नाही, असे तिघांनी ठरवलेले. पुष्पचक्र वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत 'नमुने' म्हणून गेले. चाळीस माणसांच्या चहाचे चर्चासत्र झाले. शववाहिनी आणि तिच्यामागची बस मिळून अभ्यास सहल.

कागद मात्र चोख. तीन-तीन दरपत्रके, शिक्के, हजेरीपट, हिने शिकवले तसे. घात केला सहलीच्या अहवालाने. त्यात लिहिले होते : गेलेले एकवीस, परतलेले वीस. लेखापरीक्षकाला घामच फुटला. एक विद्यार्थी हरवला असे समजून त्याने थेट कुलगुरूंना फोन लावला.

अधिकारी घरी आले तेव्हा तिघे आमच्या सोफ्यावर ओळीने, माना खाली घालून. "अहो, एवढं सगळं खोटं लिहिलंत, मग आकडा तरी सारखा टाकायचा," अधिकारी म्हणाले. थोरला कारकून म्हणाला, "साहेब, आकडा कसा खोटा लिहिणार? बाईंनी उभं केलं नसतं." मला हसू आवरेना. मग ते तिघे, मग अधिकारीसुद्धा. डोळे पुसून ते म्हणाले, की गुन्हा तो गुन्हाच; पण पंधरा तारखेच्या आत पै न् पै परत आली तर नोकऱ्या राहतील, एकेक वेतनवाढ तेवढी जाईल. (ही असती तर दोन घालवल्या असत्या.) माझ्याकडून भरायचे ते मी कालच भरले. हिच्यावर कोणाचा एवढा जीव होता, हे मला त्या खोट्या बिलांतून कळले, आणि रात्री झोप चांगली लागली.

वहिनींना नमस्कार.

हिच्यामुळे झालेला आणि आता तसाच राहिलेला,
तुमचा मेहुणा

ता. क. एक रक्कम उरली आहे. चर्चासत्राला अतिथी व्याख्याता दाखवला आहे, आणि त्याचे मानधन ज्याने घेतले त्यानेच परत करावे असा नियम आहे. व्याख्याता म्हणून तुमचे नाव आहे. (चहाच्या वेळी तुम्ही दोन वाक्ये बोललात आणि रडू लागलात, तेच व्याख्यान.) पंधरा तारखेच्या आत तुमचा चेक आला नाही, तर तिघेही घरी बसतील. तुम्हाला यातले काहीच ठाऊक नसणार, कोणीतरी तुमची सही ठोकली असणार, असे मी अधिकाऱ्यांना छातीठोकपणे सांगितले आहे.

ता. क. दुसरा. पावतीची प्रत आत्ताच हाती आली. सही तुमचीच आहे. खाली तुमच्याच अक्षरात 'जाण्यायेण्याचे भाडे वेगळे मिळावे' असेही आहे. भाडे मात्र त्या तिघांनी नामंजूर केले. शेरा असा : तिकीट जोडलेले नाही.