टिंबांचा बंदोबस्त

सोमवार, ३ मार्च
हॉस्पिटलच्या बाटल्यांवरची औषधाची लेबलं आमच्या सॉफ्टवेअरवर छापली जातात, आणि ते सॉफ्टवेअर लाज वाटावी इतकं संथ आहे. पेशंटच्या नावात आद्याक्षरापुढे टिंब आलं की प्रिंटर अडतो, म्हणून टिंब पुसून तिथल्या तिथे मोकळी जागा भरायची. एवढंच काम. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा कोड त्यासाठी एकेक अक्षर उचलून बघतो, तांदळातले खडे वेचल्यासारखा.
संकल्प: हा तुकडा मी असेंब्लीत लिहिणार. थेट प्रोसेसरच्या भाषेत. एका घासाला सोळा अक्षरं.

मंगळवार, ४ मार्च
बाईंना सांगितलं. म्हणाल्या, वेळ प्रिंटर खातो, टिंबं नाहीत. शुद्ध जळफळाट.
साहेब म्हणाले, चाललंय ते चालू द्या ना. हा माणूस साहेब झालाच कसा?

शनिवार, ८ मार्च
घरीही शत्रूच. बायकोने किराणा आणायला सांगितला. म्हटलं, रजिस्टर भरतोय. तर म्हणे, कसलं, हजेरीचं?
प्रोसेसर अक्षरं ज्या खणात ठेवतो तेही रजिस्टरच, हे हिला कोण सांगणार. किराणा आणला, पण रागाने.

सोमवार, १० मार्च
जमलं! चाळीसपट वेग. टेस्टला बरोब्बर सोळा अक्षरांचं नाव घेतलं. मग बत्तीसचं. दोन्ही चोख.
बाईंनी विचारलं, सोळाच्या पाढ्यात न बसणाऱ्या नावांचं काय? काड्या घालायची सवय, दुसरं काय. साहेब रजेवर होते. कोड चढवून टाकला. परवानगी मागत बसणं मला शोभत नाही.

मंगळवार, ११ मार्च
लेबलं मात्र पूर्वीच्याच चालीने बाहेर येतायत. प्रिंटरही बाईंना फितूर.

बुधवार, १२ मार्च, दुपार
फार्मसीवाल्या बाईंचा फोन. एका सिरपच्या लेबलावर मात्रा २५ मिली आली. डॉक्टरांच्या चिठ्ठीत २.५. पेशंट दोन वर्षांचा. आईने बाटली घ्यायला हात पुढे केला होता, तेवढ्यात यांचं लक्ष गेलं.
माझा काहीएक संबंध नाही. माझा कोड मात्रेला हातच लावत नाही.

बुधवार, संध्याकाळ
लावतो.
मेमरीत नावाला चिकटून मात्रा असते. नाव अकरा अक्षरांचं. सोळाचा घास घेताना पुढची पाच घरं मात्रेची आली. तिथलंही टिंब गेलं, मोकळी जागा पडली, आणि प्रिंटरने दोन्ही आकडे जवळ ओढून घेतले. आता कुणी एवढंसं नाव ठेवलं तर मी काय करणार?
साहेबांना म्हटलं, कोडने एकही टिंब सोडलेलं नाही हे लक्षात घ्या. ते फार्मसीला फोन लावायला लागले. बाईंनी जुना कोड परत चढवला. चकार शब्द काढला नाही. केवढी ती घमेंड.

गुरुवार, १३ मार्च
घरोघरी फोन करून बाटल्या परत मागवल्या. कुणाला काही झालेलं नाही. मग एवढा गहजब कशाला?
साहेबांनी मला फार्मसीच्या खिडकीमागे बसवलंय. परत आलेली बाटली चिठ्ठीशी ताडून बघायची. माझ्यासारख्याला हे काम. राजीनाम्याचा मजकूर मनात तयार आहे.

शुक्रवार, १४ मार्च
राजीनामा राहिला. खिडकीशी गर्दी होती.
एक आजोबा आले. चष्मा घरी विसरलेले. मलाच फार्मसीवाला समजले आणि बाटली, चिठ्ठी पुढे करून म्हणाले, बायकोला किती द्यायचं तेवढं वाचून सांगा.
वाचलं. साडेसात.
म्हणाले, नक्की ना?
लेबल परत वाचलं. चिठ्ठी वाचली. परत लेबल. साडेसातच होतं. आजोबा थांबले होते.
बाटली फार्मसीवाल्या बाईंकडे सरकवली. म्हटलं, तुम्ही जरा बघता का.