वकीलकाकांची फी

अण्णा,

लातूरचं घर विकलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे तुम्हालाच सांगायला हवं, कारण विकताना जे झालं त्याचं मूळ तुमच्याकडं आहे. आईचे गुडघे गेले, तिला एकटीनं राहणं होईना, म्हणून मी तिला नांदेडला माझ्याकडं आणलं. बंद घराच्या चौकटींना वाळवी लागली. शेवटी आईच म्हणाली, "इकून टाक. वकिलाला फोन कर, त्यो करतो समदं."

वकील म्हणजे तुमचाच. निलंग्याकडच्या खेड्यातून कायदा शिकायला आलेला, एसटी डेपोत तुमच्या ओळखीचा झालेला, आणि पुढं परीक्षा संपेपर्यंत आपल्या स्वयंपाकघरात जेवलेला. अजून दिसतं मला. आई भाकरी थापतेय, तो भिंतीला टेकून बसलाय, तुम्ही डेपोतून येऊन हाताचं ग्रीस धुता धुता पहिलं विचारताय, "वकील जेवला का?" तो पास व्हायच्या आधीपासून तुम्ही त्याला वकीलच म्हणायचात. मी काका म्हणायचे. शेवटच्या आजारपणात तुम्ही मला जवळ बसवून सांगितलंत, कधी काही अडलं तर त्याच्याकडं जा, तो परका नाही.

म्हणून गेले. फीचं विचारलं तर काका रागावलेच. "तुझ्याकडून फी घेऊ? वहिनीच्या हातच्या भाकरी खाऊन मोठा झालोय मी." मला भरून आलं. खर्च मात्र लागेल म्हणाले, आणि खर्च लागतच गेला. वारस नोंदीचा, जुने कागद तपासण्याचा, पेपरात जाहीर नोटीस द्यायचा, थकलेल्या घरपट्टीचा, शिवाय ऑफिसात कुणाकुणाला द्यावं लागतं त्याचा. ते फोन करायचे, मी पाठवायचे. आमचे हे एकदा म्हणाले, पावती तरी मागत जा. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. आपल्या माणसाकडं पावती कशी मागायची?

मग काका म्हणाले, घर जुनं आहे, गल्ली अरुंद, तुझ्या वडिलांचे कागदही कच्चे, बाजारात कुणी हात लावणार नाही. उदगीरचं एक गिऱ्हाईक आहे, जरा कमी देतंय, पण देऊन मोकळी हो. मी हो म्हटलं. इसार घेतला.

खरेदीखताच्या दिवशी आईला घेऊन मी लातूरला गेले. रजिस्ट्री ऑफिसाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. घर घेणारा पोरगा फोनवर होता, त्याची आई आमच्या आईजवळ येऊन बसली. साधी, बोलकी बाई. म्हणाली, "तुमी आमच्या दादाला लेकरावानी सांभाळलं म्हणं. लई नाव काढतो तुमचं."

"कोण दादा?" आईनं विचारलं.

"ह्यो वकील की. माझा सख्खा भाऊ हाय. घर माझ्या पोराच्या नावावर घ्यायलाय, पर पैसा समदा त्याचाच हाय."

तिला काही लपवायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. मी उठून बाकाशेजारीच उभ्या असलेल्या काकांकडं वळले. "काका, घर तुम्हीच घेताय?" मला वाटलं, चेहरा पडेल. पडला नाही. त्यांनी हातातले कागद शांतपणे जुळवले आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांचीच इच्छा होती. तुझं लग्न झालं तेव्हा म्हणाले होते मला, पोरगी तिच्या घरी गेली, आता हे घर तुझंच समज. मी तर फुकटही घेत नाही."

खोटं आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण आईकडं पाहिलं आणि थांबले. ती खाली बघत होती. "आई, अण्णा असं म्हणले होते?"

"म्हणले व्हते," ती म्हणाली. "माझ्यापुढंच म्हणले. मला वाटलं, बोलायची गोष्ट हाय, कोण खरं धरतंय."

अण्णा, काकांनी फसवलं त्याचं दुःख झालं, पण ते समजण्यासारखं होतं. माणसं जमिनीसाठी, घरासाठी फसवतात. तुमचं काय? माझ्या दहावीच्या वर्षी खिडकीजवळचं टेबल त्याला दिलंत आणि मला म्हणालात, तू कुठंबी बसून वाचशील. मी पिठाच्या डब्याला टेकून वाचलं आणि मनात धरलं नाही, कारण पाहुण्याचा मान असतो असं वाटायचं. पाहुणी मी होते, हे मला त्या बाकाशी उभं राहिल्यावर कळलं.

आत आमचा नंबर पुकारला. आई उठली नाही. "मला न्हाई द्यायचा अंगठा."

"वहिनी, तुम्ही इसार घेतलाय," काका म्हणाले.

"दिऊ की वापस. तुला जेवू घातलं ते वापस मागायले का मी?" एवढं बोलून ती माझा दंड धरून उठली, आणि त्या गुडघ्यांनी थेट फाटकापर्यंत चालत गेली. गिऱ्हाइकाची आई मागून विचारत होती, "काय झालं वं? माझं काय चुकलं?"

नंतर मी नांदेडमध्ये एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी फी सांगितली आणि दिलेल्या पैशाची पावती हातात ठेवली. तुमचे कागद त्यांनी उलटून पालटून पाहिले. कच्चं काहीच नव्हतं, तुम्ही सगळं नीट करून ठेवलं होतं. घर त्याच गल्लीतल्या एका नर्सबाईंनी घेतलं, चालू भावानं.

इसार परत करायला मी स्वतः लातूरला काकांच्या ऑफिसात गेले. तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता तुमची फी सांगा." ते म्हणाले, "असं बोलू नको पोरी." मी म्हटलं, सांगितल्याशिवाय उठणार नाही. पक्षकार ताटकळत होते, कारकून मान वर करून बघत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी एक आकडा सांगितला, तोंड दुसरीकडं करून. मी तो दिला, पावती मागितली, आणि निघताना त्यांना वकीलसाहेब म्हणाले. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला.

त्यांचा हिशेब मिटला. तुमच्यावरचा राग जात नाही. आई आता माझ्या स्वयंपाकघरात बसून भाजी निवडते आणि तुमचं नाव निघालं की विषय बदलते, माझ्यासाठी की तुमच्यासाठी ते कळत नाही. हा कागद तर कुठं पाठवायची सोय नाही, म्हणून एक लिहून टाकते, जे मी आईजवळ किंवा ह्यांच्याजवळ बोललेले नाही. तुम्ही मला एकदा बोलावून म्हणाला असतात, हे घर त्याला द्यायचं माझ्या मनात आहे, तुला काय वाटतं, तर मी देऊन टाका म्हणाले असते.